टोपीतला मासा

१२ जून

प्रति,
माननीय तलाव निरीक्षक,
वरचा तलाव, निरीक्षण चौकी.

विषय : माझा परवाना एक वर्षासाठी रद्द करून गळाची काठी जप्त केल्याबद्दल तीव्र निषेध.

महोदया,

मी खाली सही करणारा, व्यवसायाने चष्मेवाला, वय एकसष्ट, आपल्या तलावावर गेली अकरा वर्षे दर जूनमध्ये येणारा परवानाधारक. मला मासेमारीचा एकंदर तीस वर्षांचा अनुभव असून आजवर मी शेकडो मासे पकडले आहेत. अशा माणसाला आपण चार लोकांसमोर भुरट्या चोरासारखं वागवलंत, हे मला अजून पचलेलं नाही.

सदर ट्राउट मासा आपल्या फळीवर एकवीस सेंटिमीटर भरला आणि नियम पंचवीसचा आहे, हे मला मान्य आहे. परंतु थंडगार पाण्यातून बाहेर काढलेला जीव आकसतो. शिवाय आपली मोजपट्टीच सदोष असावी, असा माझा दाट संशय आहे. मोजमापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मी आयुष्यभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजत आलो आहे.

पंचनाम्यात मासा 'लपवला' असा शब्द आहे. मासा टोपीत होता आणि टोपी डोक्यावर होती. एखादी वस्तू डोक्यावर घेऊन भर उन्हात उघड्यावर उभं राहणं, याला मराठीत लपवणं म्हणत नाहीत.

या कारवाईमागे वैयक्तिक आकस आहे, हेही नमूद करतो. सदर निरीक्षक ही माझी सख्खी धाकटी बहीण असून लहानपणी मी तिच्या सायकलची घंटी काढून माझ्या सायकलला लावली होती, याचा राग तिच्या मनात अद्याप आहे.

तरी परवाना व काठी त्वरित परत मिळावी.

आपला,
अन्यायग्रस्त परवानाधारक

प्रत : मुख्य कार्यालय, मत्स्य विभाग. माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी.

ता. क. चिंगे, तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी लोकरीचे पायमोजे विणलेत. ते वेगळ्या पार्सलने पाठवतोय. निषेधाच्या पाकिटात पायमोजे घातले तर निषेधाचा दराराच जातो.


१९ जून

दादा,

तुझ्या अर्जाला सरकारी उत्तर सोबतच्या छापील कागदावर आहे. त्यात एकच ओळ आहे : अर्ज नामंजूर. बाकीचं इथे लिहिते.

मी नावेतून काठाला लागले तेव्हा तू पाण्याकडे पाठ करून झाडाचं निरीक्षण करत होतास. आयुष्यात कधी झाडाकडे बघितलं नाहीस तू. आकाशात ढग नाही आणि तुझ्या टोपीतून पाणी गळून कानावरून ओघळतंय. मी विचारलं, "काही मिळालं का?" तू म्हणालास, "नाही बुवा, आज पाणी शांत आहे." तेवढ्यात टोपी हलली. दादा, तुझी टोपी तुझ्या डोक्यावर उडी मारत होती आणि तू माझ्याशी हवामानाबद्दल बोलत होतास.

मी एकटी असते तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. पण बरोबर वनरक्षक होता. पलीकडच्या खडकावर दोन गळवाले उभे होते. त्यातल्या एकाचा परवाना मी मागच्याच महिन्यात दोन सेंटिमीटरसाठी रद्द केला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आता ही काय करते म्हणून. मग मी तेच केलं जे त्याचं केलं होतं.

मासा जिवंत होता. टोपीत ओलं शेवाळ घालायची अक्कल तुला होती, एवढं श्रेय देते. पाण्यात सोडल्यावर जरा वेळ काठाशी घुटमळला, मग खोल निघून गेला.

घंटीचा राग नाही. ती घंटी मी तू झोपलेला असताना परत काढून घेतली होती आणि तुला वाटलं ती रस्त्यात पडली.

पायमोजे मिळाले. वहिनीला सांग, एकदम मापात आहेत. घरात कोणीतरी माप ओळखतं म्हणायचं.

चिंगी


२७ जून

चिंगे,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने माझ्याआधी वाचलं. टोपीपाशी आली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला होता. नळापेक्षा तिचाच आवाज मोठा होता. आता दुकानात जाताना रोज विचारते, "टोपी नेताय ना? आत काही नाही ना?"

मी अजून रागावलेलो आहे, हे लक्षात घेऊनच पुढचं वाच.

तो मासा मला घरी न्यायचा होता. खायला नाही. नुसता न्यायचा होता, दाखवायला. दर वर्षी मी तलावावरून परत येतो आणि वहिनी विचारते, "मग?" मी म्हणतो, "सोडून दिले सगळे." मोठा भूतदयावादी म्हणून आमच्या गल्लीत माझी ख्याती आहे. माझ्याकडे चष्मा करायला येणारे लोक मला माशांबद्दल विचारतात आणि मी भिंग घासत घासत त्यांना सांगतो, की मोठा ट्राउट दोरा ओढतो तेव्हा मनगटात कशी कळ येते. परवा एका मास्तरांना ती कळ सांगता सांगता मी त्यांना जवळचा नंबर दूरच्या काचेत घालून दिला. ते दोन दिवस शाळेच्या पायऱ्या चाचपत चढले.

असो. काठी तरी परत कर. परवाना राहू दे. काठी भिंतीला टेकवून ठेवीन. तिच्याशिवाय तो कोपरा भुंडा वाटतो.

आणि एक विचारायचं होतं. परवाना नसताना माणसाला तलावावर येता येतं का? म्हणजे नियम काय आहे? असंच विचारतोय.

दादा


२ ऑगस्ट

दादा,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण वेळ नव्हता. ओढ्यांतल्या पिल्लांची मोजणी चालू आहे. सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात उभी असते आणि संध्याकाळी हातात पेन धरवत नाही.

काठी नियमाप्रमाणे वर्षानंतरच मिळेल. सध्या काही दिवस चौकीच्या पत्त्यावर पत्र पाठवू नकोस. काही विशेष नाही. टपाल इकडून तिकडे जातंय.

वहिनीला नमस्कार.

चिंगी


९ ऑगस्ट

चिंगे,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय. वनरक्षकाच्या नावाने टाकलंय, तो तुला देईल.

आज दुकानात लाखेचा शिक्का मारलेला लिफाफा आला. मला वाटलं, माझ्या निषेधाची अखेर कोणीतरी दखल घेतली. गिऱ्हाइकासमोर मोठ्या ऐटीत फोडला. दखल घेतलीय. 'निरीक्षकांनी पदाचा गैरवापर केल्याच्या तक्रारींची चौकशी.' तक्रारदार क्रमांक एक : मी. तक्रारदार क्रमांक दोन : तलावाकाठच्या हॉटेलचा मालक. माझ्या पत्रातली वाक्यं तशीच्या तशी उतरवलीत. सदोष मोजपट्टी. वैयक्तिक आकस. खाली त्या हॉटेलवाल्याने लिहिलंय, 'खुद्द निरीक्षकांचे सख्खे बंधूच असे म्हणतात, तेथे आम्ही परक्यांनी काय बोलावे.'

गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, चांगली बातमी का?" मी त्याला म्हणालो, "चष्मा उद्या न्या," आणि शटर ओढून घेतलं.

चिंगे, मी ते पत्र लिहिलं तेव्हा फुशारकीत होतो. 'प्रत : मुख्य कार्यालय' हे तर मी नुसतं वजन यावं म्हणून घातलं होतं. मग पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि वाटलं, तिकीट लावलंच आहे तर टाकावं. एकसष्ट वर्षांचा घोडा मी, आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून बहिणीला चौकशीत ढकललं.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'काही विशेष नाही' असं लिहिलंयस. तुला हे सगळं आधीच ठाऊक होतं ना?

सांग मी काय करू. तक्रार मागे घेतो. आजारी आहे म्हणून लिहितो. डोकं फिरलंय असा दाखला आणतो, तो तर कोणीही देईल. तू सांगशील ते करतो.

दादा


१४ ऑगस्ट

दादा,

हो, ठाऊक होतं. तुला कळवलं असतं तर तू धावत मुख्य कार्यालयात जाऊन आणखी काहीतरी लिहून दिलं असतंस.

तक्रार आता मागे घेता येत नाही. हॉटेलवाला ती सोडणार नाही. त्याने मागच्या शरद ऋतूत मोठ्या ओढ्याच्या तोंडावर आडवं जाळं लावलं होतं. ट्राउट अंडी घालायला तलावातून ओढ्यात वर चढतात, नेमके त्याच दिवसांत. मी बर्फाच्या पाण्यात उतरून ते जाळं कापलं. जाळ्यात जे होतं ते तुला सांगत नाही. ओढ्याचं पाणी वरच्या धबधब्यापर्यंत मोकळं झालं आणि या वर्षी मोजणीत पिल्लं दुप्पट निघाली. मी गेले की ते जाळं पुन्हा लागेल.

दोष सिद्ध झाला तर मला खाली मुख्य कार्यालयात जुन्या फायलींच्या खोलीत बसवतील. तिथे खिडकी नाही. मी बघून आलेय.

तू काय करायचंस, तर साक्षीला ये आणि जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तू खोटं बोलायला लागलास की तुझी टोपी हलते. आणि तुझं आधीचं खोटं चालवायला येणार असशील तर मात्र येऊच नकोस.

तुझी साक्ष चालू असताना मला खोलीत बसू देणार नाहीत. तेव्हा माझ्याकडे बघून बोलायची सोय नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

चिंगी


३० ऑगस्ट

चिंगे,

परवा तुला बाहेरच्या बाकावर नुसता हात करून निघून आलो, कारण बस सुटत होती. म्हणजे बस अजून तासाभराने होती, पण मी निघून आलो.

साक्षीचं विशेष काही नाही. तिघं बसले होते, बाईसाहेब मधे. पाणी दिलं. प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. नंतर चहा दिला. चहा बरा होता. बाईसाहेबांच्या चष्म्याची डावी काडी वाकडी होती, ती मी जाता जाता सरळ करून दिली. याला लाच म्हणत असतील तर तेवढं कबूल.

हॉटेलवाला दारात भेटला. आधी माझ्या खांद्यावर हात टाकून आत आला होता. बाहेर पडताना त्याने हात टाकला नाही.

निकाल आला की कळव. वहिनी रोज टपालपेटी बघते. मी बघत नाही. मी फक्त ती बघून आली की तिच्याकडे बघतो.

दादा


१८ सप्टेंबर

दादा,

निकाल आला. तक्रारी फेटाळल्या. मी चौकीवरच राहतेय. हॉटेलवाल्याच्या जाळ्याचं प्रकरण त्याच्यावरच उलटलंय.

निकालासोबत साक्षींची नक्कल आली. 'विशेष काही नाही' म्हणालास ती साक्ष आठ पानांची आहे. तुला विसर पडला असेल म्हणून थोडी उतरवते.

प्रश्न : आपण तीस वर्षांचे अनुभवी आहात. आजवर किती मासे पकडलेत?
उत्तर : एक.
प्रश्न : या मोसमात?
उत्तर : या जन्मात.
(सदस्यांमध्ये हशा.)
प्रश्न : तो कोणता?
उत्तर : टोपीतला.
प्रश्न : मग तक्रारीत लिहिलेले शेकडो?
उत्तर : ते पत्रातच पकडले. पत्रात चांगले लागतात.
प्रश्न : मोजपट्टी सदोष असल्याचं आपलं म्हणणं आहे?
उत्तर : पट्टी बरोबर आहे. माझ्या खिशात दुकानातली पट्टी होती, तिने मी मासा आधीच मोजला होता. दोनदा. एकवीस भरला. म्हणून तर टोपीत घातला. पंचवीस भरला असता तर हातात धरून गावभर हिंडलो असतो.
प्रश्न : आणि वैयक्तिक आकस?
उत्तर : तिने माझ्यावर आकस धरावा, अशा गोष्टी मी केल्यात. घंटीचं मी उगाच लिहिलं, त्या गोष्टी घंटीहून मोठ्या आहेत. पण तिने त्या कधी माझ्या परवान्यात आणल्या नाहीत. अकरा वर्षं मला पहिल्या दिवशी गरम सूप करून घातलं. ती आकस धरणारी असती, तर साहेब, मला काठापर्यंत पोचूच दिलं नसतं.

इथे 'साक्षीदारास पाणी देण्यात आले' असं लिहिलंय.

दादा, एकच मासा? मला वाटत होतं तू हावरट आहेस. इतकी वर्षं धरतोस, तरी चार सेंटिमीटर सोडवत नाही, असं वाटलं होतं मला. तुझा पहिलाच होता, हे मला तेव्हा कळलं असतं तर? तरी जप्त केला असता. पण आधी तुला हातात धरू दिला असता नीट.

मग मी खालच्या फाटकावर गेले आणि परवान्यांची वही काढली. ती तिथला कारकून भरतो, मी कधी उघडत नाही. परत जाताना प्रत्येकाला किती मासे मिळाले ते सांगावं लागतं. तुझ्या नावापुढे अकरा वर्षं एकच शब्द आहे : निरंक. तिथे मात्र खरं सांगत होतास.

पहिला परवाना मी रुजू झाले त्या वर्षीचा. मी मार्चमध्ये आले आणि तू जूनमध्ये. त्याआधी तुझ्या हातात मी काठी कधी बघितली नव्हती. वहिनीला विचारलं, तर तिने कळवलं की घरात मासा शिजला की तू गॅलरीत जाऊन बसतोस. गांडूळ गळाला लावताना डोळे मिटून घेतोस, हे तर मीच बघितलंय.

मी घर सोडून इकडे यायला निघाले, तेव्हा तू दारात उभा राहून काय म्हणालास ते मला आठवतं. तुलाही आठवत असणार.

तू इथे दर वर्षी कशाला येतोस, दादा?

चिंगी


११ डिसेंबर
खालच्या गावातलं चहाचं दुकान

चिंगे,

तुझ्या पत्राला जवळजवळ तीन महिने झाले. उत्तर लिहिलं नाही असं नाही. सात लिहिली. प्रत्येकात शेवटी मी माशांवर घसरत होतो. एकात तर नवा मासाही पकडला होता, तेवीस सेंटिमीटरचा. वहिनीने तो वाचला आणि म्हणाली, "पत्र राहू द्या. बॅग भरा."

बस इथपर्यंत आली आणि थांबली. पुढच्या वळणावर बर्फ आहे. चहावाला मला ओळखतो. म्हणाला, "आत्ता कसले मासे? तलाव मार्चपर्यंत बंद आहे." मी म्हणालो, "ठाऊक आहे." तो म्हणाला, "मग?" हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. मी म्हणालो, "बहिणीकडे चाललोय." त्याने मान डोलावली आणि कप पुसायला लागला. इतकं साधं होतं ते. अकरा वर्षं मी या माणसाला आमिषांचे प्रकार समजावून सांगितले.

तू विचारलंस त्याचं उत्तर. तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, "नवरा टिकवता आला नाही, आता जंगल टिकवायला निघालीस." सगळ्यांसमोर म्हणालो. तुझ्या हातात दोन बॅगा होत्या, आणि त्यातली एकही मी घेतली नाही. तू जिना उतरलीस त्याचा आवाज मी खालच्या मजल्यापर्यंत ऐकला.

जूनमध्ये मी माफी मागायला आलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत काठी विकत घेतली. तू दार उघडलंस, काठीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अय्या, तू मासे धरतोस?" मी 'हो' म्हणालो. माफीपेक्षा ते सोपं वाटलं. मग आठ दिवस तलावाकाठी बसून वाक्य जुळवलं आणि न बोलता परत आलो. पुढच्या वर्षी तेच. दर वर्षी वाटायचं, या खेपेस. तुला हसू येईल, पण परवाना रद्द केलास तेव्हा माझं डोकं माशासाठी नाही फिरलं. मला वाटलं, आता पुढच्या जूनला यायचं काय म्हणून?

माझं चुकलं, चिंगे. तेव्हा फार चुकलं. जंगल तू टिकवलंस, ते मी साक्षीला आलो तेव्हा बाहेरच्या भिंतीवरच्या नकाशावर बघितलं. बाकीचं जे टिकलं नाही, त्यात तुझा दोष नव्हता आणि तो दाखवायचा मला काही अधिकार नव्हता. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

हे पत्र पोस्टमनच्या हातून वर पाठवणार होतो. तो आत्ता समोर बसून बुटाची नाडी बांधतोय. मी म्हणालो, "हे चौकीवर द्याल का? आणि उत्तर आलं तर मी इथेच थांबलोय." त्याने माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. म्हणाला, "काका, मी तिकडेच चाललोय. पत्र कशाला, तुम्हीच चला की."

तेव्हा हे पत्र मीच घेऊन येतोय. पोस्टमन म्हणतो दोन तासांची चढण आहे. माझ्या वेगाने तीन धर. वर आलो की मला बोलता येणार नाही, एक तर दम लागलेला असेल आणि दुसरं, तुला माहीतच आहे. म्हणून हे दाराखालून आत सरकवीन आणि बाहेर उभा राहीन.

सगळं सावकाश वाच. मला घाई नाही. पण वाचून झालं की दार उघड, बर्फात उभा आहे मी.

दादा